हिमालयाच्या वशिंडावरून

१९४३च्या उन्हाळ्यात आसामातल्या चाबुआ विमानतळावर दुरुस्तीचं काम बहुतेक रात्रीच चाले. दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या विमानाचा पत्रा एवढा तापे की त्याला उघडा हात लावण्याची सोय नसे. हँगर जवळजवळ नव्हतेच. उघड्यावर, दिव्यांभोवती घोंघावणाऱ्या किड्यांच्या झुंडीत, विशी-बाविशीतली अमेरिकन पोरं शिडीवर उभी राहून इंजिनं उघडत, सांधत, पुन्हा बंद करत. पावसाळा लागला की तेच काम चिखलात होई. पहाट झाली की विमान पेट्रोलची पिंपं पोटात घालून पूर्वेकडे निघे आणि समोर ढगांत बुडालेल्या डोंगररांगांकडे चढू लागे. त्या दिवशी ते परत आलं नाही, तर रात्री आपण आवळलेला नट नीट आवळला होता ना, हा प्रश्न शिडीवरच्या पोराची झोप उडवायला पुरेसा होता.

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन हवाई दलाचा इतिहास आपल्यापर्यंत पोचला तो वैमानिकांचा आणि बॉम्बफेकी विमानांचा. आसाम ते चीन या हवाई पुलाची गोष्टही तशीच सांगितली जाते: धाडसी वैमानिक, भयंकर डोंगर, वादळं. ते सगळं खरंच आहे. पण साडेतीन वर्षं तो पूल उभा राहिला तो जमिनीवरच्या माणसांच्या जोरावर. मेकॅनिक, हवामान पाहणारे, वायरलेसवाले, परिचारिका, रेल्वेवाले, हरवलेल्यांना शोधणारे आणि आसामच्या चहामळ्यांतून आलेले हजारो मजूर यांची ही गोष्ट आहे. ती आपल्या देशात घडली, म्हणून तरी ती आपल्याला ठाऊक असायला हवी.

रस्ता बंद झाला तेव्हा

चीन-जपान युद्ध १९३७ साली पेटलं. मराठी वाचकाला हे युद्ध मुख्यतः सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांमुळे माहीत असतं. १९३८ साली ते भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, उत्तर चीनमध्येच वारले. जपानने चीनचा समुद्रकिनारा एकेक बंदर करत गिळला होता. बाहेरून शस्त्रं, औषधं, पेट्रोल यायला एकच मोठी वाट उरली होती, ती म्हणजे ब्रह्मदेशातल्या लाशिओपासून युनानमधल्या कुनमिंगपर्यंतचा अकराशे किलोमीटरहून लांब घाटरस्ता. रंगूनच्या बंदरात माल उतरे, रेल्वेने लाशिओला जाई आणि तिथून ट्रकांनी चीनमध्ये.

मार्च १९४२मध्ये रंगून पडलं आणि एप्रिलअखेर लाशिओ. रस्ता तुटला. चीन युद्धातून बाहेर पडला तर तिथे अडकून पडलेलं प्रचंड जपानी सैन्य दुसऱ्या आघाड्यांवर मोकळं होईल, ही अमेरिकेची चिंता होती. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी चीनला माल पोचवत राहण्याचा शब्द दिला होता. रस्त्याने शक्य नसेल तर हवेतून. पण याआधी जगात कुणीही, एवढ्या उंच डोंगरांवरून, एका देशाला पुरेल एवढा माल विमानाने नेलेला नव्हता.

वाट अगदीच नवी मात्र नव्हती. चिनी सरकार आणि पॅन अमेरिकन कंपनी यांच्या भागीदारीतल्या चायना नॅशनल एव्हिएशन कॉर्पोरेशनच्या वैमानिकांनी १९४१च्या अखेरीसच ती उडून पाहिली होती. एप्रिल १९४२मध्ये अमेरिकन लष्कराच्या वतीने ले. कर्नल विल्यम ओल्ड यांनी पॅन अमेरिकनच्या दोन डीसी-३ विमानांतून आठ हजार गॅलन पेट्रोल चीनमध्ये नेलं. टोकियोवर हल्ला करून चीनमध्ये उतरणार असलेल्या डूलिटल यांच्या विमानांसाठी ते होतं. हवाई पुलाचा हा पहिला धागा.

वशिंड

वैमानिक या वाटेला ‘हम्प’ म्हणत. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: वशिंड. पूर्व हिमालयाची ही पाठ खरोखरच बैलाच्या वशिंडासारखी मधेच उठलेली आहे.

आसामचं खोरं समुद्रसपाटीपासून शंभर फुटांच्या आगेमागे. तिथून निघालेल्या विमानाला लगेच दहा हजार फुटांच्या पटकाई रांगेवर चढावं लागे. पलीकडे चिंदविनचं खोरं, मग आणखी रांगा, मग इरावती, साल्विन, मेकाँग या नद्यांच्या खोल घळी आणि त्यांच्या मधले चौदा-पंधरा हजार फुटांचे कडे. आपल्या कळसूबाईवर कळसूबाई ठेवली आणि त्यावर आणखी एक ठेवली, तर जेवढी उंची होईल, तेवढ्या उंचीवरून जायचं. त्यानंतर सहा हजार फुटांवरच्या पठारावर कुनमिंग. सरळ रेषेत अंतर आठशे किलोमीटर, म्हणजे मुंबईहून निघून नागपूरच्याही थोडं पुढे. कागदावर ते काहीच नाही.

पण या भागात तीन बाजूंची हवा एकमेकींना भिडते. बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट हवा, तिबेटकडची कोरडी थंड हवा आणि पश्चिमेकडून येणारे जोरदार वारे. डोंगरांना आदळून वर उठलेला वारा विमानाला मिनिटात हजारो फूट वर फेकी आणि तसाच खाली आपटी. ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे विमानाला वाटेवरून बाजूला ढकलत. पंखांवर बर्फ धरे. मे ते ऑक्टोबर पावसाळा आणि हिवाळ्यात वादळं. नकाशेही धड नव्हते. खाली ब्रह्मदेशात जपानी, म्यितकिनाच्या धावपट्टीवर त्यांची लढाऊ विमानं. मालवाहू विमानांकडे बंदुका नव्हत्या. जपान्यांना टाळण्यासाठी उत्तरेकडच्या, म्हणजे अधिक उंच, वाटेनेच जावं लागे.

पडलेल्या विमानांचे अवशेष डोंगरउतारांवर उन्हात चमकत. त्या ओळीला वैमानिक ‘ॲल्युमिनियमची पायवाट’ म्हणत. हे नाव ठेवणाऱ्यांपैकी काहीजण पुढे त्या पायवाटेचाच भाग झाले.

आसामातली छावणी

एक डिसेंबर १९४२ रोजी ही वाहतूक अमेरिकन लष्करी हवाई दलाच्या ‘एअर ट्रान्सपोर्ट कमांड’कडे आली आणि तिची भारत-चीन शाखा स्थापन झाली. चाबुआ, दिनजान, मोहनबाडी, सुकेरेटिंग, जोरहाट, तेजपूर, मिस्सामारी या आसामी गावांची नावं वॉशिंग्टनच्या बैठकांत उच्चारली जाऊ लागली. चाबुआ हे नावच मुळी चहाच्या लागवडीवरून पडलं असं म्हणतात. मळे तोडून धावपट्ट्या झाल्या.

त्या बांधल्या कुणी? चहामळेवाल्यांच्या संघटनेने आपले मजूर या कामाला दिले. या मजुरांचे आजे-पणजे छोटानागपूर, ओरिसा, आंध्र या भागांतून ठेकेदारांनी आसामात आणलेले संथाळ, मुंडा, उराँव आणि इतर लोक. त्यांनी आणि त्यांच्या बायकांनी हातोड्यांनी दगड फोडले, टोपल्यांतून खडी वाहिली, चिखलावर दगडांचे थर रचले. पिंपं चढवण्यासाठी काही ठिकाणी हत्तीही लावले गेले. डोंगरापलीकडे चिनी शेतकरी तेच करत होते. शेकडो माणसं दोर खांद्यावर घेऊन अजस्र दगडी रोलर ओढत. १९४४ साली चेंगडूजवळ बी-२९ या अतिप्रचंड बॉम्बफेकी विमानांसाठी धावपट्ट्या बांधल्या गेल्या, तेव्हा तिथे तीन लाखांहून अधिक शेतकरी राबले.

अमेरिकन सैनिक राहत ते बांबू आणि गवताच्या झोपड्यांत. त्या झोपड्यांसाठी ‘बाशा’ हा स्थानिक शब्द त्यांनी उचलला. मलेरिया, हगवण, ओल, डबाबंद मांस. हे युद्धातलं सर्वांत दूरचं टोक होतं. युरोपच्या आघाडीची गरज भागल्यावर उरलेलं सामान इथे येई, तेही जहाजाने अर्धं जग फिरून.

आणि जहाजातून उतरल्यावरही आसाम लांबच होता. कोलकाता जपानी विमानांच्या टप्प्यात असल्याने सुरुवातीला माल कराचीला उतरे आणि उपखंड आडवा ओलांडून येई. सैनिकांच्या काही तुकड्या मुंबईलाही उतरल्या. ३१ ऑक्टोबर १९४३ रोजी ‘लर्लाइन’ जहाजातून मुंबईच्या धक्क्यावर सुमारे तीन हजार अमेरिकन पायदळ सैनिक उतरले आणि तिथून नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत गेले. जनरल फ्रँक मेरिल यांच्या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली ही तुकडी. या कहाणीत ती पुन्हा भेटणार आहे.

बंगालमधून आसामात जाणारी रेल्वे मीटरगेज होती. रुंद रुळांवरून आलेला माल पार्बतीपूरला हातांनी उतरवून लहान डब्यांत भरायचा, ब्रह्मपुत्रेवर पूल नसल्याने डबे नावांवर चढवून पलीकडे न्यायचे, पुन्हा रुळांवर आणायचे. चहा वाहण्यासाठी टाकलेल्या या मार्गावर आता एका देशाचं युद्ध येऊन पडलं होतं. मार्च १९४४मध्ये अमेरिकन लष्कराच्या रेल्वे पलटणींनी या मार्गाचा मोठा भाग स्वतः चालवायला घेतला. घरी इंजिन ड्रायव्हर, फोरमन, सिग्नलवाले असलेली माणसं गणवेश चढवून इथे आली होती आणि इथल्या रेल्वे कर्मचाऱ्यांबरोबर गाड्या चालवत होती.

याच बंगालात १९४३ साली माणसं अन्नावाचून मरत होती. युद्धाच्या निकडीने गाड्या, नावा, धान्य सगळ्यांवर ताण आला. त्या दुष्काळाची कारणं अनेक आहेत आणि त्यात सरकारच्या धोरणांचा दोष मोठा आहे. पण पेट्रोलची पिंपं भरून उत्तरेला जाणारी गाडी आणि स्टेशनाबाहेर पसरलेले भुकेले हात या दोन गोष्टी एकाच वर्षातल्या, एकाच प्रदेशातल्या आहेत, हे विसरून हवाई पुलाची गोष्ट सांगू नये.

टनांचा हिशेब

मे १९४३मध्ये रूझवेल्टनी आकडा ठरवून दिला: जुलैमध्ये पाच हजार टन, सप्टेंबरपासून महिन्याला दहा हजार टन. जुलैमध्ये प्रत्यक्षात साडेतीन हजारांच्या आतच माल गेला. मग दडपण वाढलं.

उपाय म्हणून नवी विमानं आली. कर्टिस कंपनीचं सी-४६ जुन्या सी-४७च्या जवळजवळ दुप्पट ओझं उचलून जास्त उंचीवर जाऊ शके. पण ते घाईने, पुरत्या चाचण्या न होता आलं. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचे, पेट्रोल गळे, इंजिन मधेच बंद पडे. सुट्या भागांचा पत्ता नसे. वैमानिक त्याला उडती शवपेटी म्हणत. बी-२४ या बॉम्बफेकी विमानाचं पोट बदलून केलेली सी-८७ आणि पेट्रोल वाहणारी सी-१०९ ही विमानंही आली. सी-१०९ पेट्रोलने भरलेलं आणि नीट सावरता न येणारं. उतरताना चुकलं तर काय होणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

दुसरा उपाय म्हणजे रात्रीचं उड्डाण. कर्नल थॉमस हार्डिन यांनी १९४३च्या उत्तरार्धात रात्रीही विमानं सोडायला सुरुवात केली आणि हवामान खराब आहे हे न उडण्याचं कारण मानणं जवळजवळ बंद केलं. डिसेंबर १९४३मध्ये साडेबारा हजार टन माल गेला. आकडा गाठला. जानेवारी १९४४मध्ये रूझवेल्टनी या शाखेला राष्ट्राध्यक्षांचं सन्मानपत्र दिलं. प्रत्यक्ष लढाई न करणाऱ्या तुकडीला ते पहिल्यांदाच मिळत होतं.

पण त्या आकड्याची किंमत दुसऱ्या रकान्यात लिहिलेली होती. त्या काळात दर हजार उड्डाणतासांमागे जवळजवळ दोन अपघात होत. माल जेवढा वाढला, तेवढी माणसं गेली.

नागा टेकड्यांतले पंचवीस दिवस

२ ऑगस्ट १९४३ रोजी एक सी-४६ विमान नागा टेकड्यांवर इंजिन बंद पडून कोसळलं. त्यात रेडिओ पत्रकार एरिक सेवरीड आणि मुत्सद्दी जॉन पॅटन डेव्हिस यांच्यासह एकवीस जण होते. सहवैमानिक गेला, बाकीचे पॅराशूटने उतरले. उतरले ते अशा मुलखात, जिथे ब्रिटिश राजवटीची सत्ता नावापुरतीही पोचलेली नव्हती आणि शिरं कापण्याची प्रथा अजून संपलेली नव्हती.

ठिकाण कळल्यावर हवाई दलाचे डॉक्टर ले. कर्नल डॉन फ्लिकिंजर विमानातून तिथे पोचले. खाली जखमी आहेत, तिथे विमान उतरणार नाही, एवढंच त्यांनी पाहिलं आणि दोन वैद्यकीय सहायकांसह स्वतःच उडी मारली. पुढे मोकोकचुंगचे ब्रिटिश अधिकारी फिलिप ॲडम्स नागा सोबत्यांना घेऊन डोंगर चालत आले आणि सगळ्यांना बाहेर घेऊन गेले. नागा गावकऱ्यांनी या परक्यांना जेवू घातलं आणि वाट दाखवली. ऑगस्ट संपता संपता ते आसामच्या खोऱ्यात परतले.

या घटनेने एक उणीव उघड केली. माणसं पडत होती, त्यांना शोधायला कुणी ठरवून नेमलेलं नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅप्टन जॉन पोर्टर यांनी चाबुआला शोधपथक उभं केलं. युद्धापूर्वी हवाई कसरती करणारा हा वैमानिक. ‘ब्लॅकी’ हे त्यांचं टोपणनाव, म्हणून पथक ‘ब्लॅकीची गँग’. मागून आणलेली दोन सी-४७ विमानं, त्यांतून खाली टाकायची औषधं, बूट, अन्न आणि नकाशे. दोन महिन्यांतच, डिसेंबरमध्ये, शोधमोहिमेवर असताना जपानी लढाऊ विमानांनी त्यांचं विमान पाडलं आणि पोर्टर गेले. पथक राहिलं. पुढे मोहनबाडीला त्याची मोठी, शिस्तबद्ध शाखा झाली.

वैमानिकांच्या कोटाच्या पाठीवर एक कापडी तुकडा शिवलेला असे. त्यावर झेंडा आणि चिनी मजकूर: या माणसाला मदत करा. पण डोंगरातल्या नागा, काचीन, मिश्मी, आदी लोकांना तो वाचता येत नव्हता. त्यांनी मदत केली ती समोरचा माणूस जखमी आणि भुकेला आहे एवढं पाहून, आणि नंतर मीठ-कापडाच्या रूपाने तिची भरपाई झाली. पडलेल्यांपैकी सुमारे बाराशे माणसं जिवंत परतली. त्या प्रत्येकाच्या परतीत कुठल्या तरी गावाचा हात आहे.

जखमींना उचलणाऱ्या स्त्रियाही होत्या. ८०३व्या हवाई वैद्यकीय वाहतूक पथकाच्या परिचारिका मालवाहू विमानांत स्ट्रेचर बांधून, ऑक्सिजन हाताळत रुग्ण नेत. आसामात मार्गारिटाला पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी चालवलेलं विसावं जनरल हॉस्पिटल होतं. डॉ. इसिडोर रॅव्हडिन त्याचे प्रमुख. ब्रह्मदेशातून आलेले चिनी आणि अमेरिकन जखमी, मलेरिया आणि टायफसचे रोगी तिथे येत. आसामच्या उकाड्यात टायफसच्या रुग्णांसाठी तिथे थंड हवेची खोली उभी केली गेली. बांबूच्या झोपड्यांत उभं राहिलेलं हे इस्पितळ वैद्यकशास्त्राला नंतरही उपयोगी पडलं.

आठवडाभर पुरेल एवढी दाढी

सप्टेंबर १९४४मध्ये ब्रिगेडियर जनरल विल्यम टनर यांनी सूत्रं हाती घेतली. वय अडतीस. त्यांचा स्वभाव कडक, त्यामुळे मागून लोक त्यांना ‘चाबूकवाला विली’ म्हणत. आल्या आल्या त्यांनी दाढी करा, गणवेश घाला, शनिवारी परेड करा, असे हुकूम काढले. चिखलात महिनोन्‌महिने राहिलेल्या माणसांना ते रुचलं नाही. पण खचलेली छावणी आधी आपल्या नजरेत सावरली पाहिजे, असं टनर मानत होते.

त्यांची खरी क्रांती मात्र दुरुस्तीच्या जागी झाली. तोवर प्रत्येक विमानाची सगळी देखभाल एकाच मेकॅनिकच्या हाताखाली होई आणि कुठलं काम कधी होईल याचा भरवसा नसे. टनरनी एकेका विमानतळावर एकाच जातीची विमानं ठेवली आणि विमान ओढत एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्यावर नेण्याची रीत घातली. पहिल्या ठाण्यावर धुणं, पुढच्यावर इंजिन, पुढे चाकं, पुढे वायरलेस. प्रत्येक ठाण्यावर त्या कामात हात बसलेली माणसं, त्यांत शिकवून तयार केलेले स्थानिक कामगारही. मोटारीच्या कारखान्यात जशी गाडी पुढे सरकते तसं विमान सरकू लागलं. ज्या पोराला पूर्वी सगळंच थोडं थोडं माहीत होतं, तो आता एक गोष्ट पक्की जाणू लागला.

वैमानिकांच्या थकव्याकडेही त्यांनी लक्ष दिलं. साडेसहाशे तास उडालं की घरी परत, असा नियम होता. त्यामुळे लवकर सुटण्यासाठी पोरं महिन्याला दीडशेहून जास्त तास उडत, झोप गमावत आणि डोंगरात शिरत. वैद्यकीय तपासणीत जवळजवळ निम्मे उड्डाण कर्मचारी थकव्याने ग्रासलेले निघाले. टनरनी नियम बदलला: साडेसातशे तास आणि किमान एक वर्ष. घाईचं कारणच काढून घेतलं. पोरांनी शिव्या घातल्या असतील, पण त्यांतली कितीतरी घरी परतली ती त्यामुळेच. डासांसाठी छावण्यांवर विमानातून डीडीटी फवारलं गेलं. वाटेवर वायरलेसचे खुणेचे खांब वाढले, हवामान निरीक्षकांची ठाणी वाढली, अपघाताची चौकशी करणारे अधिकारी नेमले गेले.

याच काळात एक लढाईही कामी आली. देवळालीहून निघालेली मेरिल यांची तुकडी चिनी सैनिकांसह जंगल तुडवत मे १९४४मध्ये म्यितकिनाच्या धावपट्टीवर पोचली. ऑगस्टमध्ये गावही पडलं. त्या तुकडीतली बहुतेक माणसं तोवर रोगाने आणि थकव्याने संपली होती. पण जपानी लढाऊ विमानांचं ठाणं गेलं, दक्षिणेकडची सखल वाट मोकळी झाली, आणि वरून जाणाऱ्या हजारो फेऱ्या सोप्या झाल्या.

ऑगस्ट १९४४मध्ये सुमारे तेवीस हजार टन माल गेला होता. जुलै १९४५मध्ये तो एकाहत्तर हजार टनांवर पोचला. अपघातांचं प्रमाण मात्र आधीच्या एक-पंचमांशाच्या आसपास आलं. १ ऑगस्ट १९४५ या एका दिवसात १,११८ फेऱ्या झाल्या, म्हणजे सरासरीने दर सव्वा मिनिटाला एक विमान वशिंड ओलांडत होतं. ५,३२७ टन माल गेला आणि एकही अपघात झाला नाही. दोन वर्षांपूर्वी अख्ख्या महिन्याला जेवढा माल जाई, त्याहून अधिक एका दिवसात.

जमिनीवरचा दुसरा रस्ता

हवाई पुलाखाली जमिनीवरही एक रस्ता बांधला जात होता. आसामातल्या लेडोपासून ब्रह्मदेशातून जुन्या घाटरस्त्याला जोडणारा. डिसेंबर १९४२मध्ये काम सुरू झालं. तिथे राबलेल्या सुमारे पंधरा हजार अमेरिकन सैनिकांपैकी बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. ८२३वी हवाई इंजिनीअर पलटण ही त्यांतली एक. मूळची धावपट्ट्या बांधण्यासाठी उभी केलेली ही पलटण इथे बुलडोझर घेऊन पावसाने घसरणारे कडे कापत होती. अमेरिकन लष्करात तेव्हा काळ्या-गोऱ्यांच्या तुकड्या वेगळ्या असत. लोकशाहीसाठी लढणारं सैन्य स्वतःच्याच माणसांना वेगळ्या पंगतीत बसवत होतं. हा भेद मोडण्याचा हुकूम राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी जुलै १९४८मध्ये काढला, युद्ध संपून तीन वर्षं झाल्यावर.

रस्त्यावरचा पहिला ताफा १२ जानेवारी १९४५ रोजी लेडोहून निघाला आणि ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोचला. चीनचे नेते चांग कै-शेक यांनी त्या रस्त्याला या आघाडीवरचे अमेरिकन सेनापती जनरल स्टिलवेल यांचं नाव दिलं. पण तोवर विमानं रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त माल नेत होती.

मोजदाद

युद्धअखेरीपर्यंत वशिंडावरून सुमारे साडेसहा लाख टन माल चीनमध्ये गेला. त्यातला निम्म्याहून अधिक भाग पेट्रोल. परतीच्या विमानांतून चिनी सैनिक आले, तेव्हाच्या बिहारमधल्या रामगढला प्रशिक्षण घेण्यासाठी. ५९४ विमानं गेली आणि १,६५९ माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. त्यांतली शेकडो अजून डोंगरांतच आहेत.

या आकड्यांशेजारी आणखी एक आकडा ठेवायला हवा. १९४५च्या उन्हाळ्यात या हवाई पुलावर सुमारे चौतीस हजार अमेरिकन सैनिक होते आणि त्यांच्याबरोबर काम करणारे स्थानिक नागरी कामगार सत्तेचाळीस हजार. म्हणजे हा ‘अमेरिकन’ पूल उचलणाऱ्या दर पाच हातांतले जवळजवळ तीन हात इथल्या आणि पलीकडच्या कामगारांचे होते.

अमेरिकन हवाई दलाने आपला इतिहास जपण्याची व्यवस्था युद्धातच केली. तुकडीतुकडीत इतिहास लिहिण्यासाठी एखादा अधिकारी नेमलेला असे. तो काय घडलं याची टंकलिखित नोंद वरच्या कार्यालयाकडे पाठवी. ते कागद आज अलाबामातल्या मॅक्सवेल तळावरच्या संशोधन संस्थेत जपून ठेवले आहेत. त्यामुळे एखाद्या हवामान पथकाचं किंवा दुरुस्ती पलटणीचं नाव निदान कागदावर उरतं, आणि ऐंशी वर्षांनी एखादा नातू येऊन आपले आजोबा कुठे होते ते शोधू शकतो. ही मोठी गोष्ट आहे. मोठ्या सैन्याने स्वतःच्या लहान माणसांना दिलेला तो मान आहे.

पण दगड फोडणाऱ्या उराँव बाईसाठी असा कुणी अधिकारी नेमलेला नव्हता. तिची नात कुठल्या कार्यालयात जाऊन विचारणार? तिचं काम मात्र जागेवर आहे. मोहनबाडी आज दिब्रूगडचा विमानतळ आहे. चाबुआ, जोरहाट, तेजपूर हे भारतीय हवाई दलाचे महत्त्वाचे तळ झाले. अरुणाचलात पासीघाटला २०२३ साली या मोहिमेचं संग्रहालय उघडलं. डोंगरांत मिळालेले विमानांचे तुकडे तिथे ठेवले आहेत.

१९४८च्या उन्हाळ्यात सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनच्या वाटा रोखल्या, तेव्हा लाखो लोकांना हवेतून अन्न आणि कोळसा पोचवण्यासाठी अमेरिकेने टनर यांनाच बोलावलं. आसामात घडवलेली सगळी पद्धत त्यांनी तिथे वापरली. ज्या शहरावर तीन वर्षांपूर्वी बॉम्ब पडत होते, ते शहर त्या विमानांमुळे हिवाळा तगलं. एका अर्थी त्या पद्धतीची पहिली शाळा ब्रह्मपुत्रेच्या काठच्या चिखलात भरली होती.

बैलाच्या मानेवर जू ठेवतात ते वशिंडाच्या पुढे. ओझं ओढताना जू मागे सरकू नये म्हणून वशिंड त्याला अडवून धरतं. गाडी पुढे जाते तेव्हा बघणाऱ्याला चाकं दिसतात, वंगण घातलेला आस दिसतो, गाडीवान दिसतो. मानेवरचे घट्टे रात्री, जू उतरल्यावर, फक्त बैलाच्या धन्याच्या हाताला लागतात. या हवाई पुलाची गोष्ट सांगताना तो हात आपण त्या मानेवरून फिरवला पाहिजे, कारण त्यांतल्या कितीतरी माना आपल्या होत्या.